ऐकता ऐकताच उत्तर : संभाषणात मेंदू दोन कामे एकाच वेळी कशी करतो?

उंबरठा

संभाषण म्हटले की एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे, ऐकलेले समजून घ्यायचे आणि मग उत्तराची जुळवाजुळव करायची, असा क्रम आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदू हा क्रम पाळत नाही, आणि पाळायचा ठरवला तरी त्याला तो जमणार नाही. ते का, हे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. घरातल्या वृद्धांशी, आजाऱ्यांशी आणि परदेशी राहणाऱ्या मुलांशी आपण रोज जे बोलतो त्याच्याशी या विषयाचा थेट संबंध आहे. उत्तर उशिरा आले की त्याचा दोष आपण फार लवकर माणसाच्या स्वभावावर टाकतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी आकडे पाहू. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली ध्वनिमुद्रित गप्पांच्या आधारे असे दाखवले की बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे विलक्षण नेमकेपणाने जाते. बहुतेक वेळ एकच जण बोलत असतो आणि दोन बोलण्यांमधली फट अगदी थोडी असते. पुढे २००९ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखनच्या मॅक्स प्लांक संस्थेतील टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांमधली ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागणारी प्रश्नोत्तरे मोजली. त्यांत इंग्रजी, डच, जपानी, कोरियन यांच्या जोडीला लाओ, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि पापुआ न्यू गिनीतील रॉसेल बेटावरची येली द्न्ये अशा भाषाही होत्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची सरासरी फट सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, निघाली. सर्वांत कमी जपानीत, ७ मिलिसेकंद. सर्वांत जास्त डॅनिशमध्ये, ४६९. राहणीमान आणि रीतिरिवाज इतके वेगळे असूनही भाषाभाषांतला हा सगळा फरक अर्ध्या सेकंदाच्या आत बसतो.

आता दुसरी मोजणी. एखाद्या वस्तूचे चित्र दाखवून तिचे नाव विचारले, तर चित्र दिसल्यापासून तोंडातून पहिला ध्वनी निघेपर्यंत सुमारे ६०० मिलिसेकंद जातात. वस्तू ओळखणे, तिचा शब्द शोधणे, त्या शब्दाचे ध्वनी क्रमाने लावणे आणि जीभ, ओठ, स्वरयंत्र यांना आज्ञा देणे, एवढी कामे त्या वेळात उरकायची असतात. साध्या प्रसंगाचे एका वाक्यात वर्णन करायचे असेल तर दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. याचा अर्थ उघड आहे : प्रश्न पूर्ण ऐकून झाल्यावर जो उत्तराच्या तयारीला लागेल, त्याला २०० मिलिसेकंदांत एक शब्दसुद्धा उच्चारता येणार नाही. समोरचा बोलत असतानाच तयारी सुरू झालेली असली पाहिजे.

ती नेमकी केव्हा सुरू होते, हे सारा ब्योगेल्स, लिला माग्यारी आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी २०१५ मध्ये फार सुंदर रीतीने तपासले. त्यांनी प्रश्नमंजूषेतले प्रश्न दोन प्रकारे रचले आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. त्यांच्या पद्धतीचा मराठी नमुना माझ्या मनाने देतो. ‘महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणत्या नावाने ओळखले जाते?’ या प्रश्नात ‘शिखर’ हा शब्द कानी पडताच कळसूबाई आठवते, म्हणजे अर्धा प्रश्न अजून यायचा असतो. ‘अकोले तालुक्यातले कोणते शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे?’ असे विचारले तर मात्र शेवटापर्यंत थांबावे लागते. प्रयोगात असे दिसले की उत्तराला आवश्यक तो धागा हाती लागल्यापासून साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत तयारीच्या खुणा लहरींत उमटतात, मग प्रश्न संपलेला असो वा नसो.

२०२२ मध्ये ग्रेगरी कास्टेलुची, मायकेल लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून जवळून पाहिले. मेंदूवरील शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युदग्रे (इलेक्ट्रोड) ठेवलेली होती, अशा रुग्णांना त्यांनी त्याच धर्तीचे प्रश्न विचारले. ऐकताना कामाला लागणारे भाग, बोलताना स्नायू हलवणारे भाग आणि या दोहोंच्या मध्ये केवळ ‘काय बोलायचे’ याची आखणी करणारे भाग वेगळे दिसून आले. आखणीचे हे भाग मुख्यतः कपाळामागच्या खंडाच्या खालच्या आणि मधल्या वळ्यांमध्ये आहेत, आणि प्रश्न चालू असतानाच ते जागे होतात.

तयारी झाली तरी तोंड उघडायचे केव्हा हा प्रश्न उरतोच. २००६ मधल्या एका डच प्रयोगात संभाषणाच्या तुकड्यांतील आवाजाचे चढउतार सपाट केले, तरी ऐकणाऱ्यांना बोलणे कधी संपेल हे जवळजवळ तितकेच अचूक सांगता आले. उलट चढउतार ठेवून शब्द न कळण्याजोगे केले तेव्हा अंदाज बिघडले. पुढच्या प्रयोगांत शेवटच्या हेलाचाही वाटा असल्याचे दिसले. माझ्या समजुतीप्रमाणे शब्दांवरून आपण शेवटाचा अंदाज बांधतो आणि हेलावरून तो पक्का करतो.

पारिजात

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. इंग्रजीत क्रियापद आणि नकार वाक्यात लवकर येतात. मराठीत दोन्ही शेवटी. ‘मी उद्या संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला येणार’ एवढे ऐकून गृहिणीने तांदूळ वाढवायचे मनात आणावे आणि पुढे ‘नाही’ यावे, हे आपल्या भाषेत रोज घडते. मग मराठी ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत थांबणे भागच नाही काय? तसे असेल तर आपली उत्तरे इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा उशिरा यायला हवीत.

उंबरठा

पारिजात, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. त्या दहा भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती, पण तुमच्या शंकेचे निम्मे उत्तर त्या आकड्यांतच आहे. जपानी भाषेतही क्रियापद शेवटी येते आणि नकार क्रियापदालाच जोडून येतो. तरीही सर्वांत कमी फट जपानीतच मिळाली. तेव्हा क्रियापद शेवटी असल्यामुळे उत्तर रखडते, असे म्हणता येत नाही.

उरलेले उत्तर मराठीच्या व्याकरणात आहे असे मला वाटते. आपल्याकडे क्रियापद शेवटी येत असले तरी ते कोणत्या जातीचे असेल याची वर्दी बरीच आधी मिळते. ‘त्याने’ हा शब्द कानावर पडला की पुढे बहुधा ‘लिहिले’, ‘पाठवली’, ‘खाल्ला’ असे भूतकाळी सकर्मक क्रियापद तरी येणार किंवा ‘यावे’, ‘सांगायला हवे’ असे काही तरी येणार. ‘जातो’ येणार नाही, हे ऐकणाऱ्याला नकळत कळलेले असते. ‘त्याला’ म्हटले की ‘आवडते’, ‘माहीत आहे’, ‘भूक लागली’ यांची वाट मोकळी होते. विशेषणही नामाच्या आधी लिंग सांगून टाकते : ‘केवढी मोठी’ इतके ऐकले की पुढचे नाम पुल्लिंगी नाही हे ठरलेच. शब्दागणिक शक्यता गाळल्या जातात आणि शेवटी येणारे क्रियापद अनेकदा केवळ शिक्कामोर्तब करते.

मेंदू असा पुढचा अंदाज बांधत असतो याचा जुना पुरावा १९८० सालचा आहे. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी शेवटचा शब्द अर्थाला विसंगत असलेली वाक्ये वाचायला दिली, तेव्हा तो शब्द दिसल्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरींत एक ठळक ऋण शिखर उमटले, म्हणजे अपेक्षेत न बसणारा शब्द मेंदूला तिथल्या तिथे खटकला. तुमच्या ‘येणार… नाही’ या उदाहरणात गृहिणीची तयारी फुकट जाते हे खरे. पण बोलणारा बहुधा ‘अहो, जरा अडचण आहे’ अशी सुरुवात करून किंवा ‘उद्या’वर आवाज रेंगाळवून नकाराची चाहूल आधीच देतो.

वैखरी

मी वाचोपचाराच्या (स्पीच थेरपीच्या) क्षेत्रात काम करते. पक्षाघातानंतर ज्यांना वाचाघात झाला आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे ज्यांची भाषा बिघडली आहे, अशा रुग्णांबरोबर माझा बहुतेक दिवस जातो, म्हणून या धाग्यावर सविस्तर लिहिते.

१८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूच्या पुढच्या खंडातली इजा दाखवली आणि १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी आकलन बिघडवणारी, कानामागच्या बाजूची इजा वर्णन केली. तेव्हापासून ‘बोलण्याचे केंद्र’ आणि ‘ऐकण्याचे केंद्र’ अशी वाटणी पाठ्यपुस्तकांतून चालत आली. आज ती इतकी सरळ मानली जात नाही, आणि रुग्णाशेजारी बसल्यावर ती अपुरी आहे हे दिसतेच.

एक नेहमीचे दृश्य सांगते. काका खुर्चीवर बसलेले आहेत. मुलगी विचारते, ‘बाबा, चहा घेणार की दूध?’ बाबांना प्रश्न कळलेला आहे. त्यांची नजर चहाच्या कपाकडे गेली आहे, ओठ जुळू लागले आहेत. इतक्यात मुलगी म्हणते, ‘दूध देऊ का? की भूक नाही?’ बाबांचे ओठ थांबतात, भुवया आक्रसतात, आता ते नवा प्रश्न ऐकत आहेत. त्यावर जुळवाजुळव सुरू होते न होते तोच सूनबाई आतून विचारतात, ‘साखर घालायची ना?’ शेवटी बाबा हात झटकून मान फिरवतात आणि घरातले म्हणतात, ‘आजारपणापासून फार चिडचिडे झाले आहेत.’

निरोगी माणूस ऐकता ऐकता उत्तर जुळवतो, कारण त्याला दोन्ही कामे एकत्र झेपतात. या रुग्णांना ती झेपत नाहीत. नवा प्रश्न ऐकायला लागले की अर्धवट जुळलेले उत्तर विस्कटते. घरच्यांनी प्रेमापोटी दिलेली मदतच इथे आड येते, आणि हे त्यांना कोणी वेळीच सांगत नाही याचे मला फार वाईट वाटते.

अटलांटिक

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो, आईवडील साताऱ्याला असतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघेही एकदम बोलू लागतो, दोघेही एकदम थांबतो, मग ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तू बोल’ असे होते. मागच्या वर्षी मी वडिलांना ‘दिवाळीनंतर इकडे याल ना?’ असे विचारले. ‘हो, येऊ की’ हे उत्तर जरा थांबून आले आणि त्यांना यायचे नाही असा ग्रह मी करून घेतला. आईशी नंतर बोललो तेव्हा कळले की ते दोघे तोवर कपड्यांच्या याद्याही करून बसले होते. हा इंटरनेटच्या जाळ्याचा दोष समजायचा की आमच्या मनाचा?

उंबरठा

जाळ्याने निर्माण केलेला आणि मनाने वाचलेला, असा तो आहे. समोरासमोरच्या संभाषणात होकार झटपट येतो आणि नकार रेंगाळतो. कोबिन केंड्रिक आणि फ्रान्सिस्को तोरेइरा यांनी २०१५ मध्ये इंग्रजी संभाषणे तपासली तेव्हा फट सुमारे ७०० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की बहुतेक उत्तरे नकाराच्या बाजूची असल्याचे आढळले. त्यामुळे थोडी अधिक शांतता ऐकली की आपला मेंदू आपोआप नकाराची वाट पाहू लागतो. ही सवय आयुष्यभराच्या अनुभवाने लागलेली आहे.

आता त्यात यंत्राची भर पडते. ज्युली बोलँड आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधल्या अभ्यासात समोरासमोर बोलणाऱ्यांची सरासरी फट १३५ मिलिसेकंद होती; झूमवर तीच ४८७ झाली. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचण्यास १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा असे म्हटले आहे, पण ही दिरंगाई जाताना आणि येताना अशी दोनदा मोजावी लागते. पूर्वी उपग्रहावरून फोन लागत असे तेव्हा ३५,७८६ किलोमीटर उंचीवर जाऊन परतलेल्या आवाजामुळे प्रश्नोत्तरांत अर्ध्या सेकंदाची भर पडत असे. तुमच्या वडिलांनी उत्तर वेळेवर दिले होते. तुमच्यापर्यंत ते नकाराच्या वेळेला पोचले.

सातपुडा

वरच्या चर्चेला श्रवणदोषाची जोड द्यावीशी वाटते. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा आधी उंच कंपनांचे ध्वनी जातात. स्वर जाड, खालच्या पट्टीतले असतात, ते टिकतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. आवाज येतो, शब्द येत नाही, म्हणूनच आजोबा म्हणतात, ‘ओरडू नका, स्पष्ट बोला’, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर असते.

अशा माणसाच्या मेंदूचे सगळे बळ हरवलेल्या व्यंजनांच्या जागा भरण्यात खर्च होते. उत्तराची आखणी ऐकताना व्हायची, ती मागे पडते. लग्नघरात तर कठीणच. गोंगाटात एकच आवाज वेचून ऐकण्याच्या क्षमतेवर कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोग केले होते. २०१२ मध्ये निमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी दाखवले की दोन माणसे एकाच वेळी बोलत असली तरी श्रवणाच्या भागात आपण लक्ष दिलेल्या माणसाचेच बोलणे ठळकपणे उमटते. ही निवड होण्यासाठी कानाकडून स्वच्छ माल यावा लागतो. तो न आल्यास माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर स्वतःच अखंड बोलत राहतो, कारण बोलत असताना ऐकण्याचे कष्ट नसतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला लोक ‘कोणाचे ऐकूनच घेत नाहीत’ असे म्हणतात. माझ्या आजोळी हे मी जवळून पाहिले आहे, आणि कान तपासून घेण्याचे कोणाला सुचले तोवर बरीच माणसे त्यांच्यापासून दुरावली होती.

नदीकाठ

आपण बोलत असतो तेव्हा स्वतःचा आवाजही कानावर पडतच असतो. तो मेंदू ऐकतो की नाही? कॉलवर माझाच आवाज मागून परत ऐकू आला की माझे बोलणे अडखळते, म्हणून विचारत आहे.

वैखरी

नदीकाठ, ऐकतो, पण हात राखून. बोलण्याची आज्ञा स्नायूंना जाते तेव्हाच ‘आता असा आवाज येणार आहे’ अशी तिची एक प्रत श्रवणाच्या भागाला मिळते, असे मानले जाते. अपेक्षेप्रमाणे आवाज आला तर तिथला प्रतिसाद दबलेला राहतो. जॉन हाउड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मेंदूचे चुंबकीय संकेत मोजून हे दाखवले : माणूस बोलत असताना त्याच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद, तोच आवाज मुद्रित करून नंतर ऐकवल्यावर मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा कमी होता. अपेक्षेत आणि आवाजात तफावत पडली तर मात्र हा दाब उठतो आणि बोलणे दुरुस्त केले जाते.

तुमचा आवाज उशिरा परत येतो तेव्हा ही तफावत प्रत्येक अक्षराला जाणवत राहते. बर्नार्ड ली यांनी १९५० च्या सुमारास हे प्रथम नोंदवले. सुमारे २०० मिलिसेकंदांच्या उशिराने स्वतःचा आवाज ऐकवला की भले भले वक्तेही अक्षरे लांबवतात, शब्दांची पुनरुक्ती करतात. समोरच्याला स्पीकर बंद करून कानाला फोन लावायला किंवा इयरफोन वापरायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

कोकणवारा

हे सगळे वाचून मला थोडी निराशा वाटते. समोरचा बोलत असताना आपण आपल्याच उत्तराच्या मागे असू, तर मनापासून ऐकणे ही गोष्ट उरतच नाही. चांगला श्रोता म्हणून आपण ज्यांना मान देतो, ते मग वेगळे काय करतात?

उंबरठा

निराश होण्याचे कारण नाही असे मी आग्रहाने म्हणेन. उत्तराची आखणी समोरच्याच्या शब्दांवरच उभी राहते. जो ऐकत नाही त्याला शेवटाचा अंदाज येत नाही आणि त्याचे उत्तर चुकीच्या जागी पडते. शिवाय ऐकणारा पाळी नसतानाही बोलण्यात सहभागी असतो. लहानपणी आजी गोष्ट सांगताना ‘हं’ म्हणायला लावत असे. हुंकार थांबला की गोष्ट थांबत असे. त्यामागची गरज खरी होती, हे जॅनेट बॅव्हेलास आणि सहकाऱ्यांच्या २००० मधल्या कॅनडातील प्रयोगात दिसते. एकाने आपल्यावर बेतता बेतता टळलेला प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्याने ऐकायचे, अशी मांडणी होती. काही श्रोत्यांना मात्र गुपचूप ‘टी’ अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायला सांगितले होते. हे श्रोते शब्द लक्षपूर्वकच ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. त्यांचे ‘अरे बापरे’ म्हणणे, दचकणे, चेहरा कसनुसा करणे जवळजवळ नाहीसे झाले, आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या. विशेषतः शेवट अडखळत, पुन्हा पुन्हा समजावत उरकला गेला.

कोकणवारा, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की चांगला श्रोता गोष्टीच्या पुढच्या वळणाचा अंदाज बांधत असतो आणि तो अंदाज चेहऱ्यावर दिसू देतो. उत्तर त्याच्याही मनात जुळत असते. पण नवे काही ऐकू आले तर जुळलेले मोडायची त्याची तयारी असते.

पारिजात

वैखरी, माझ्या सासऱ्यांना पक्षाघातानंतर असाच त्रास आहे. प्रश्न विचारल्यावर आम्ही नेमके किती थांबावे, आणि थांबूनही शब्द न आल्यास काय करावे?

वैखरी

पारिजात, प्रश्न विचारण्याआधी टीव्ही बंद करा आणि त्यांच्या समोर, नजरेच्या पातळीवर बसा. एका वेळी एकानेच बोलावे, एकच प्रश्न विचारावा आणि तो लहान असावा. त्यानंतर मनात सावकाश दहा आकडे मोजा; सुरुवातीला ही शांतता तुम्हाला फार मोठी वाटेल, कारण तुमच्या मेंदूला पाव सेकंदाची सवय आहे. ओठ किंवा नजर हलत असेल तर आणखी थांबा, कारण जुळवाजुळव चालू आहे. शब्द आलाच नाही तर प्रश्न नव्या शब्दांत विचारू नका, तोच पुन्हा म्हणा, आणि कप किंवा पेला समोर धरून दाखवायला सांगा. बोट दाखवणे, मान हलवणे, डाव्या हाताने लिहिणे, हे सगळे उत्तरच आहे. वाक्य तुम्ही पूर्ण करायचे झाल्यास ‘मदत करू का?’ असे आधी विचारा. जवळ वाचोपचारतज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पक्षाघाताला महिने उलटले असले तरी जाण्यात अर्थ आहे, आणि जाताना घरात त्यांच्याशी सर्वांत जास्त बोलणारी व्यक्ती बरोबर न्या, कारण निम्मे शिक्षण तिला द्यावे लागते.